विमान काट्यावर चढवताना: पहिल्यांदा वजन करणाऱ्यांसाठी

उसाच्या मोळ्या बैलगाडीत रचणाऱ्याकडे वजनकाटा नसतो. तो मधूनच खाली उतरतो, जू हातांनी जरा उचलून बघतो आणि मग पुढची मोळी कुठे टाकायची ते ठरवतो. मागे जास्त रचलं की गाडी उलाळ होते: जू वर, सापत्या बैलांच्या गळ्यात. पुढे जास्त रचलं तर सगळा भार जोडीच्या मानेवर. त्याला मानेवर बेताचं वजन हवं असतं, बाकी सगळं आसावर.

तीन चाकांच्या शिकाऊ विमानाचं गणित याहून फार वेगळं नाही. पंखांखालची दोन मेन व्हील्स म्हणजे आस, नाकाखालचं नोज व्हील म्हणजे जू. उलाळ झालेल्या गाडीतल्या मोळ्या मात्र उतरवून परत रचता येतात.

एएमईचा (विमान देखभाल इंजिनिअरचा) कोर्स करणारे किंवा बारामती, धुळे, गोंदियासारख्या ठिकाणी एखाद्या फ्लाइंग स्कूलच्या हँगरमध्ये नुकतेच लागलेले, अशांसाठी हे लिहितोय. पायलट होऊ पाहणाऱ्यांना शेवटचा हिशेब कामाला येईल. उदाहरणाला सेस्ना १७२एस घेतलंय, कारण बऱ्याच जणांचा पहिला हात याच जातीच्या विमानावर पडतो. एक गोष्ट आधीच सांगतो: वजनाच्या कागदावर सही लायसन्सधारक इंजिनिअरची लागते आणि काम डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमांप्रमाणे, मान्यताप्राप्त संस्थेतच होतं. तुम्ही नवीन असताना त्याच्या शेजारी उभे राहणार आहात. तिथे काय बघायचं, एवढंच मी सांगू शकतो.

मी इतकी वर्षं हे काम करतोय, काट्याने दगा दिल्याचे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. दगा देते ती यादी. विमान काट्यावर असताना त्याच्या पोटात काय होतं आणि काय नव्हतं, हे कागदावर नीट नसेल तर शंभर ग्रॅमपर्यंत अचूक काटाही निरुपयोगी.

आधी कागद, मग विमान

चार कागद टेबलावर आल्याशिवाय विमानाला हात लावू नका. पीओएचचं, म्हणजे वैमानिकाच्या हँडबुकचं, सहावं प्रकरण (सेस्नाच्या पुस्तकात वजन, संतुलन आणि उपकरणांची यादी यात असते), मेंटेनन्स मॅन्युअलमधला वजन आणि लेव्हलिंगचा भाग, मागचं वेट शेड्यूल (आधीच्या वजनाचा सही झालेला कागद), आणि काट्याचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट. सर्टिफिकेटवरची मुदत बघा आणि त्यावरचा सिरीयल नंबर समोरच्या काट्याशी ताडून बघा. तीन पॅड (चाकाखाली ठेवायचे चपटे काटे) असतील तर तीन नंबर. एकाच खोक्यात दोन वेगळ्या सेटची पॅड मिसळलेली मी पाहिली आहेत.

काट्याची ताकदही बघायची. सेस्नाचं पुस्तक नाकाखाली किमान ५०० पौंडांचा आणि प्रत्येक मेन व्हीलखाली किमान १,००० पौंडांचा काटा मागतं.

मागचं वेट शेड्यूल वाचताना एक सवय लावून घ्या: नवीन वजन किती यायला हवं याचा अंदाज आधीच काढून ठेवा. मागच्या वजनानंतर कुठला रेडिओ निघाला, कुठला बसला, रंग झाला का, सीटची गादी बदलली का. हा अंदाज हातात असला की काट्यावरचा आकडा बघून तुम्ही दचकू शकता. अंदाज नसेल तर कुठलाही आकडा खराच वाटतो.

विमान तयार करणं

अर्धा दिवस यातच जातो आणि जायलाच हवा.

विमान धुवा आणि पूर्ण वाळू द्या. धुतल्या-धुतल्या काट्यावर चढवू नका, कारण पाणी पत्र्यांच्या बेचक्यांत आणि शेपटीकडच्या पोकळीत अडून राहतं. पावसाळ्यात तर दोन दिवस हँगरमध्ये उभं असलेलं विमानही खालची भोकं मोकळी केल्यावर पेलाभर पाणी देतं. चाकांच्या आवरणांत वाळलेला चिखल असतो, तो खरवडून काढा.

इंधन काढून घ्या. विमानाला अर्थिंगची वायर आधी, नळी नंतर, अग्निशामक हाताशी, मोबाइल बाहेर. टाकी रिकामी झाली असं वाटल्यावरही खालच्या ड्रेनमधून शेवटचा थेंब येईपर्यंत थांबा. काही जण टाक्या काठोकाठ भरून वजन करतात आणि इंधनाचं वजन हिशेबाने वजा करतात. मॅन्युअल परवानगी देत असेल तर तेही चालतं, पण मग हायड्रोमीटरने त्या दिवसाची घनता मोजावी लागते. मे महिन्यातल्या दुपारचं पेट्रोल आणि डिसेंबरच्या पहाटेचं पेट्रोल लिटरला सारखं भरत नाही. माझं मत विचाराल तर लहान विमानाला रिकामी टाकीच बरी.

ऑइल मात्र पूर्ण. १७२एसच्या डिपस्टिकवर ८ क्वार्ट, म्हणजे साधारण १५ पौंड. ते इंजिनात असतानाच वजन होतं आणि रिकाम्या वजनात धरलं जातं.

पुढच्या सीट्स सरकवून अगदी पुढे. फ्लॅप्स वर. एलेव्हेटर, रडर, एलेरॉन (शेपटी आणि पंखांवरच्या हलत्या फळ्या) मध्यावर. टायरमध्ये ठरलेली हवा.

आता केबिन. इथे हेल्परवर सोपवून चहाला जाऊ नका, स्वतः आत शिरा. सीटच्या खिशातले नकाशे, हेडसेट, कोपऱ्यात सरकलेली पाण्याची बाटली, इन्स्ट्रक्टरची उशी (बुटक्या विद्यार्थ्यांना लागते, आणि ती कायम मागच्या सीटवर पडलेली असते), सगळं बाहेर. निर्णय एकाच कसोटीवर घ्यायचा: वस्तू उपकरणांच्या यादीत आहे का? असेल तर ती तिच्या ठरलेल्या जागी बसलेली हवी. नसेल तर बाहेर. टो-बार (विमान ओढायचा दांडा) आणि अग्निशामकावरून दर वेळी वाद होतात आणि दर वेळी उत्तर यादीतच असतं. हातात यादी, एकाने नाव वाचायचं, दुसऱ्याने वस्तूला हात लावून ‘आहे’ म्हणायचं. हात लावल्याशिवाय ‘आहे’ म्हणायचं नाही.

काट्यावर चढवणं

हँगरची दारं बंद. विमानाचा पंख म्हणजे हवेवर तरंगायला बनवलेली वस्तू. दारातून येणारी झुळूक त्याचं थोडं वजन उचलते आणि काट्यावरचा आकडा नाचायला लागतो. छताचे आणि उभे पंखेही बंद. उन्हाळ्यात यावरून शिव्या खाव्या लागतात, पण आकडा स्थिर होताना एकदा डोळ्यांनी पाहिलात की तुम्हीच उठून स्विच बंद कराल.

काटे आधी चालू करून तापू द्या. किती वेळ ते त्यांच्या पुस्तकात असतं. मग रिकामे असताना शून्य करा. विमान उताराच्या पाट्यांवरून सावकाश ढकला, मेन व्हील्स आणि नोज व्हील पॅडच्या मधोमध येऊ द्या. ढकलताना हात मॅन्युअल सांगेल तिथेच. शेपटीचा आडवा पंख दाबून नाक उचलायची खोड अनेकांना असते, ती लावून घेऊ नका. तिथला पत्रा त्यासाठी नसतो.

चाकांना लावलेले ठोकळे (चॉक) पॅडवर राहिले तर त्यांचं वजन वेगळं करून वजा करायचं. आपल्या जुन्या तागडीवाल्याला हे सांगावं लागत नसे. तो आधी पासंग बघायचा, मग माल. विमानाच्या कागदावर पासंगाला ‘टेअर’ म्हणतात, बाकी फरक नाही.

ब्रेक सोडलेले हवेत. सेस्नाचे मागचे पाय म्हणजे पोलादी स्प्रिंग असतात. वजन पडलं की ते बाहेर फाकतात, आणि ब्रेक लावलेले असले तर चाक घासत राहून पॅडला आडवा रेटा देतं. विमान दोन-चार इंच मागेपुढे करून, पंख टोकाला धरून हलकेच झुलवून पाय बसू द्या. मग सगळ्यांनी हात काढायचे आणि दोन पावलं मागे. माझ्या पहिल्या वजनाच्या वेळी तिसऱ्यांदा आकडा बदलला तेव्हा वरिष्ठांनी मान वर न करताच विचारलं होतं, “स्ट्रटला कोण टेकलंय?” पंखाच्या त्या तिरक्या आधार-दांडीला टेकलो होतो मीच.

जॅकवर उचलून, जॅकच्या डोक्यावर लोड सेल (वजन मोजणारा सेन्सर) बसवूनही वजन करतात. मोठ्या विमानांना बहुधा तेच. तिथे अंतरं चाकांची नसून जॅक-पॉइंटची धरायची.

पाणसळ आणि ओळंबा

विमान तिरकं असेल तर वजनाची बेरीज जवळपास बरोबर येते, पण वाटणी चुकते. नाक खाली असेल तर पुढच्या चाकावर जास्त, वर असेल तर कमी. म्हणून विमान उड्डाणातल्या आडव्या रेषेत आणायचं. १७२ला शेपटीच्या डाव्या अंगावर लेव्हलिंगच्या जागा दिलेल्या असतात, तिथे पाणसळ ठेवायची. बुडबुडा मधे येत नसेल तर नोज व्हीलची हवा काढा किंवा नोज स्ट्रट (नाकाच्या पायातला धक्के झेलणारा दांडा) कमीजास्त करा. जो बदल कराल तो पाटीवर लिहून ठेवा, कारण शेवटी परत पूर्वीसारखं करायचंय.

यापुढचं काम गवंड्याचं आहे, आणि गवंड्याच्या हाताखाली दोन महिने काढलेला पोरगा ते आपल्या इंजिनिअरांपेक्षा चांगलं करतो.

डेटम, म्हणजे सगळी अंतरं जिथून मोजायची तो शून्य, १७२मध्ये फायरवॉलचा (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीचा) पुढचा पृष्ठभाग आहे. फायरवॉलच्या खालच्या भागातून ओळंबा सोडा. लोलक झुलायचा थांबला की जमिनीवर टोकाखाली बारीक फुली मारा. मग दोन्ही मेन व्हील्सच्या आसाच्या मध्यातून ओळंबे सोडून फुल्या, आणि त्या दोन फुल्यांमध्ये खडूचं सूत मारा. आता विमानाच्या मध्यरेषेला समांतर टेप धरून फायरवॉलच्या फुलीपासून त्या सुतापर्यंतचं अंतर मोजा. हे ‘अ’. नोज व्हीलच्या आसाच्या मध्यापासून सुतापर्यंतचं अंतर डावीकडून एकदा, उजवीकडून एकदा मोजा आणि सरासरी घ्या. हे ‘ब’.

फुली जाड मारू नका. खडूचं जाडं टोक पाव इंच खातं.

हिशेब

समजा टेअर वजा जाऊन काटे असे बोलले: डावं मेन व्हील ६१० पौंड, उजवं ६१६, नोज व्हील ४६८. एकूण १,६९४. ‘अ’ आला ५८.२ इंच, ‘ब’ आला ६५.० इंच.

सीजी म्हणजे गुरुत्वमध्य, विमान जिथे तोललं जातं ती जागा. सूत्र असं: सीजी = अ − (नोजचं वजन × ब ÷ एकूण वजन).

४६८ गुणिले ६५ म्हणजे ३०,४२०. भागिले १,६९४ म्हणजे १७.९६. ५८.२ मधून ते गेलं की उरले ४०.२४ इंच. फायरवॉलच्या मागे ४०.२४ इंचांवर दोरी बांधून उचललं तर हे रिकामं विमान आडवं राहील.

सूत्र पाठ करण्यापेक्षा ते कुठून आलं ते एकदा करून बघा. वजन गुणिले अंतर म्हणजे मोमेंट. मेन व्हील्सचं १,२२६ × ५८.२ = ७१,३५३. नोज व्हील डेटमच्या पुढे ६.८ इंच (५८.२ उणे ६५), म्हणून ४६८ × −६.८ = −३,१८२. बेरीज ६८,१७१. भागिले १,६९४, उत्तर तेच. दोन वाटांनी एकाच गावी पोचलात तर आकडेमोड बरोबर. एका वाटेने केलेला हिशेब मी सहीसाठी पुढे सरकवत नाही.

अजून एक भर राहिली. टाक्यांत असं थोडं इंधन असतं जे इंजिनापर्यंत पोचतच नाही. आपण ते काढून टाकलं, पण विमान कधीच त्याशिवाय उडणार नाही. १७२एसमध्ये हे ३ गॅलन, १८ पौंड, ४६ इंचांवर, मोमेंट ८२८. ते मिळवलं की रिकामं वजन १,७१२ पौंड, मोमेंट ६८,९९९, सीजी ४०.३० इंच. वेट शेड्यूलवर जातो तो हा आकडा.

आता एक गोष्ट जी वर्गात क्वचित सांगतात. सगळ्या चुका सारख्या महाग नसतात. वरच्याच विमानात ‘ब’ मोजताना अर्धा इंच चुकलात तर सीजी सुमारे ०.१४ इंच हलतो. पण ‘अ’मध्ये अर्धा इंच चुकलात तर सीजी अख्खा अर्धा इंच हलतो, एकास एक. तसंच काट्यांचं. मेन व्हीलच्या काट्यात ५ पौंडांची चूक सीजीला ०.०५ इंच सरकवते, तीच ५ पौंडांची चूक नोजच्या काट्यात असेल तर ०.१४. म्हणून फायरवॉलचा ओळंबा दोनदा सोडा आणि नोजखाली तिन्हींतला सगळ्यात भरवशाचा काटा ठेवा.

आकडे लिहून झाले की विमान उतरवा, काटे परत शून्य करा, पुन्हा चढवा, पुन्हा लिहा. दोन वेळचे आकडे मॅन्युअलच्या मर्यादेत जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा. कंटाळा येतो. तरी करा.

किलो की पौंड

पुस्तकं पौंड-इंचांत, आपले काटे बहुधा किलोत, आणि पॅडच्या डब्यावर एक छोटं बटण जे कुणीतरी कधीतरी दाबलेलं असतं. तिन्ही आकड्यांपुढे एकक लिहा, प्रत्येक वेळी.

२३ जुलै १९८३ला एअर कॅनडाच्या बोइंग ७६७चं इंधन हवेतच संपलं. हवं होतं २२,३०० किलो. लिटरचं वजनात रूपांतर करताना किलोऐवजी पौंडांचा गुणक वापरला गेला आणि प्रत्यक्षात निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन विमान निघालं. वैमानिकांनी ते गिमली इथल्या जुन्या हवाई तळावर इंजिनांशिवाय उतरवलं आणि सगळे वाचले. तो गुणक १.७७ होता. बरोबरचा, किलोसाठीचा, सुमारे ०.८.

आकडा जेव्हा कोड्यात बोलतो

सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. दुसरं एक विमान, जवळपास याच वजनाचं. हिशेबाने यायला हवं त्यापेक्षा १४ पौंड जास्त आले आणि सीजी ०.४५ इंच मागे गेला. मी काट्याला नावं ठेवायला लागलो. वरिष्ठांनी माझ्यापुढे कागद सरकवला आणि म्हणाले, “चोर किती वजनाचा आहे ते कळलंय. आता तो कुठे बसलाय ते काढ.”

निघतं ते. नवीन एकूण मोमेंट: १,७२६ × ४०.७५ = ७०,३३४. अपेक्षित मोमेंट: १,७१२ × ४०.३० = ६८,९९४. फरक १,३४०. भागिले १४, म्हणजे साधारण ९६ इंच. सामानाच्या पुढच्या कप्प्याचा आर्म (डेटमपासूनचं अंतर) पुस्तकात ९५ आहे.

कप्पा मी रिकामा केला होता. म्हणजे मी तसं म्हणालो होतो. प्रत्यक्षात हेल्पर काकांना विचारलं होतं आणि ते ‘हो’ म्हणाले होते. जाळीमागे लोखंडी खुंट्या आणि दोरांची पिशवी होती, विमान मैदानात बांधायला लागते ती. काट्यावर ठेवली. चौदाच.

तेव्हापासून मी फरक आला की आधी तो चोर कुठे बसलाय ते काढतो. आर्म उणे आला तर इंजिनाच्या बाजूला बघा, ७३च्या आसपास आला तर मागच्या सीटखाली, आणि १५०-२००च्या पुढे आला तर शेपटीत पाणी आहे किंवा तुमचा ओळंबा चुकलाय. रंगकाम झालेलं विमान असेल तर हा शोध नीट लागत नाही, कारण रंग सगळीकडेच चढतो. आधीचा थर न खरवडता वर नवा मारला असेल तर वजन कल्पनेपेक्षा जास्त वाढतं.

दर वेळी काट्यावर चढवायचं का?

नाही. लहान बदल कागदावरच करतात. ७ पौंडांचा जुना रेडिओ १५ इंचांवरून निघाला आणि ४ पौंडांचा नवा १३ इंचांवर बसला: वजन १,७०९, मोमेंट ६८,९९९ − १०५ + ५२ = ६८,९४६, सीजी ४०.३४. तारीख, सही, उपकरणांच्या यादीत दुरुस्ती. मात्र असे दहा-बारा बदल साचले की प्रत्येकातली छोटी गोलाबेरीज एकत्र येते. मोठी दुरुस्ती, रंगकाम, किंवा नियमात दिलेली मुदत भरली की पुन्हा काटा. मुदत तुमच्या विमानाच्या वर्गाप्रमाणे ठरते, ती डीजीसीएच्या सध्याच्या सीएआरमध्येच (नियमावलीतच) बघा. हँगरमधल्या ऐकीव आकड्यांवर जाऊ नका.

या आकड्याचं वैमानिक काय करतो

पुस्तकातले आर्म असे: पुढच्या सीट्स ३७ इंच, मागच्या ७३, इंधन ४८, सामानाचा पुढचा कप्पा ९५. विद्यार्थी १७० पौंड, इन्स्ट्रक्टर १८५, भरलेल्या टाक्या (वापरता येणारे ५३ गॅलन, ३१८ पौंड), ३० पौंड सामान. आपल्या १,७१२ पौंडांच्या रिकाम्या विमानात हे मिळवलं की एकूण वजन २,४१५, मोमेंट १,००,२४८, सीजी ४१.५ इंच. १७२एसची उड्डाणावेळची कमाल मर्यादा २,५५० पौंड. मागची सीजी-मर्यादा ४७.३ इंच. पुढची मर्यादा वजनाबरोबर सरकते: १,९५० पौंडांना ३५ इंच, २,५५० ला ४१ इंच; आपल्या वजनाला ३९.६५. आत आहोत.

आता मागे दोन मित्र बसवा, १५० आणि १६० पौंडांचे. वजन २,७२५. १७५ पौंड जास्त. म्हणजे मित्र घ्यायचे तर २९ गॅलनपेक्षा जास्त इंधन उतरवा. चार सीट्स आहेत म्हणून चार माणसं आणि भरलेल्या टाक्या एकत्र चालतात, असा समज पहिल्या महिन्यातच निघून गेलेला बरा.

पुढे जड असलेलं विमान उतरताना नाक उचलत नाही आणि नोज व्हील आधी टेकतं. मागे जड असलेलं विमान हाताला हलकं, अगदी आवडेल असं लागतं, आणि तोच धोका. स्टॉल (पंखांची उचल तुटणं) आणि स्पिन (गिरक्या घेत पडणं) यांतून ते लवकर बाहेर येत नाही. म्हणूनच स्पिनचा सराव यूटिलिटी कॅटेगरीतच करायचा. तिथे मागची मर्यादा ४७.३ वरून थेट ४०.५ वर येते, वजन २,२०० पौंडांच्या आत, मागची सीट आणि सामानाचा कप्पा रिकामे.

प्रवाशांच्या वजनाचा अंदाज बांधणाऱ्यांनी अमेरिकेतल्या शार्लटचा अपघात वाचावा. ८ जानेवारी २००३ला एअर मिडवेस्टचं बीच १९००डी उड्डाण घेताच कोसळलं, २१ जण गेले. देखभालीत एलेव्हेटरची केबल चुकीची जुळवली गेली होती, त्यामुळे नाक खाली दाबण्याइतकी हालचालच उरली नव्हती. त्यात विमानाचा सीजी मागच्या मर्यादेच्याही मागे होता; कागदावर मात्र तो मर्यादेत होता, कारण प्रवाशांची आणि सामानाची ठरावीक सरासरी वजनं धरली होती आणि प्रत्यक्षातली त्याहून जास्त होती. नंतर अमेरिकेच्या एफएएने (तिथल्या विमान नियामकाने) ती सरासरी वाढवली. लहान विमानात सरासरी धरूच नका. माणसाला वजन विचारा, आणि त्याने सांगितलेल्या आकड्यात बूट, बॅग आणि थोडा संकोच मिळवा.

काम संपल्यावर

नोज टायरमध्ये हवा भरा, स्ट्रट पूर्वीसारखा करा; पाटीवर लिहिलंय ते इथे लागतं. जे बाहेर काढलं होतं ते यादीप्रमाणे आत. इंधन भरण्याआधी ड्रेन बंद असल्याची खात्री. जमिनीवरच्या फुल्या पुसून टाका, नाहीतर पुढच्या विमानाला कुणीतरी त्याच वापरेल.

नवीन वेट शेड्यूलवर सही झाली की जुनी प्रत विमानातून काढून घ्या. पीओएचमधली, ब्रीफिंग रूमच्या फाइलमधली आणि विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो काढून टाकलेली. शेवटची सगळ्यात चिवट असते.